वर न आलेली गोळी

दुसऱ्याचं हत्यार मी माझ्या घरात घेत नाही. दुकानात होतो तेव्हाची गोष्ट वेगळी. तिथे मालकाचा परवाना होता, आणि मी बत्तीस वर्षं काचेमागच्या टेबलावर लोकांच्या बंदुका आणि पिस्तुलं उघडून बसलो. मालक वारला, दुकान बंद झालं, आणि मी तुळिंजला लेकीकडे राहायला आलो. आता कुणाचा फोन आला तर सांगतो, परवाना असलेल्या दुकानात न्या. फारच ओळखीचा माणूस असला तर त्याच्या घरी जातो, त्याच्या डोळ्यांसमोर बघतो, त्याच्याच हातात परत देतो आणि निघतो.

जगन्नाथ ओळखीचाच होता. राजोडीला त्याची वाडी आहे. नारळ, सुपारी, केळी, कडेला सोनचाफा. पंचवीस वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या वाड्यांवर डोळा ठेवणारी माणसं संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाहीत. तेव्हा त्याने परवाना काढला आणि आमच्या दुकानातून बत्तीस बोअरचं लहान पिस्तूल नेलं. तळहातात मावेल एवढं. ते साफ कसं करायचं, मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन कसं रिकामं ठेवायचं, वरची स्लाइड मागे खेचून गोळी चेंबरमध्ये, नळीच्या बुडाशी, कशी आणायची, हे त्याला मीच शिकवलं होतं. माणसं त्या एका पिस्तुलाच्या बातमीनेच यायची थांबली. त्यातून एकही गोळी कधी सुटली नाही.

या जानेवारीत त्याचा मुलगा देवेश मारला गेला.

त्यांच्या वाडीला लागून एक बावखल आहे, जुन्या लोकांनी गोड्या पाण्यासाठी खणलेलं तळं. शेजारच्या जागेतून टँकरवाले त्यातलं पाणी रात्रंदिवस ओढत होते. विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं, तशी केळी पिवळी पडली. देवेशने टँकरच्या वाटेवर दगड टाकले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी टँकरवाल्यांची चार माणसं सळया घेऊन अंगणात आली. जगन्नाथ कपाटातलं पिस्तूल काढून ओट्यावर उभा राहिला. चौघे क्षणभर थांबले. मग थांबले नाहीत.

दोघे पळताना पकडले गेले, दोघे दुसऱ्या दिवशी. ज्यातून गोळीच सुटली नव्हती त्या पिस्तुलाचा नंबर पोलिसांनी लिहून घेतला, परवाना पाहिला, आणि ते परत दिलं. तेव्हापासून ते कपाटातच होतं.

देवेशच्या चाळिसाव्याला दोन दिवस होते, तेव्हा जगन्नाथचा फोन आला.

"शांताराम, एकदा येऊन बघ. मला एवढंच सांग, ते बिघडलं होतं की मी."

मला न्यायला त्याचा शेजारी बेसिल आला, स्कूटरवर. पन्नाशीचा गडी, बोलल्याशिवाय त्याला गाडी चालवता येत नाही. रेल्वेचा पूल उतरून पश्चिमेला आलो तसा तो मान मागे वळवून सांगायला लागला.

"काका, तुम्ही बघणार ते चांगलंच आहे. पण गावाने निकाल देऊन टाकलाय."

"पुढे बघ आधी."

"बघतोय. गेल्या दसऱ्याला सुमनवहिनींनी पूजा केली, तेव्हा त्यांच्या सुनेने, अक्षदाने फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. जगूभाई ओट्यावर, कपाळाला टिळा, हातात पिस्तूल. आता त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? फोटोतला फौजदार."

"तू पण म्हणतोस?"

बेसिलने मान पुढे वळवली. मग म्हणाला, "मी कुंपणाच्या अलीकडे होतो, काका. मी तर कुंपणही ओलांडलं नाही. मी कोण म्हणणार?" आणि निर्मळचं वळण येईपर्यंत तो खरंच बोलला नाही.

जगन्नाथ ओट्यावरच बसला होता. सहा महिन्यांत माणूस एवढा उतरतो हे पाहिलं होतं. चाळीस दिवसांत उतरलेला पहिल्यांदाच पाहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण खालीवर लागलेलं. त्याची बायको सुमन आत भिंतीला टेकून बसली होती. देवेशची बायको अक्षदा तिच्यासमोर पेजेची वाटी धरून वाकली होती.

"आई, दोन घोट तरी."

"ठेव."

"सकाळपासून ठेवतेच आहे."

सुमनने मला पाहिलं आणि पदर सावरला. आवाज बसलेला होता, पण शब्द सरळ आले.

"शांतारामभाऊ, आलात? बघा. नीट बघा. यांचं म्हणणं टक् असा आवाज आला आणि गोळी सुटलीच नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला काही आवाज आला नाही. मला माझ्या मुलाचा आवाज येत होता."

"वहिनी, बघतो मी."

"गंजाचा एक ठिपका दाखवा त्यात. खाऱ्या हवेत इथे विळा आठ दिवसांत लाल होतो. पण ते मी जपलंय. दर दसऱ्याला कोयते, पाराई, पंपाची मोटर आणि ते, सगळं पुसून पूजते. घरच्या नारळाचं तेल लावते. देवापाशी ठेवलेली वस्तू दगा देत नाही. माणूस देतो."

ती नवऱ्याकडे बघत नव्हती. अक्षदाने मला नंतर सांगितलं, की दहाव्यापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. जे बोलायचं ते त्याच्यासमोर दुसऱ्याला सांगते.

तेलाचं ऐकलं तशी मी पिशवी उचलली.

आम्ही वाडीतल्या पंपाच्या खोलीत गेलो. मी एका जुन्या पिंपात वाळू भरून घेतली. हत्यार भरलेलं असेल तर त्याचं तोंड आधी वाळूत, मग बाकी सगळं. जगन्नाथने रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल माझ्या हातात दिलं.

"त्या दिवसानंतर कुणी उघडलंय?"

"नाही. मी तसंच ठेवलं. मला हात लावायची भीती वाटते."

"त्या दिवशी काय केलंस, सावकाश सांग."

"तू शिकवलं होतंस तसं. चेंबर रिकामं होतं. स्लाइड मागे खेचली, सोडली. देवेशच्या पलीकडे तो उंच माणूस होता, त्याच्या पायावर धरलं आणि चाप ओढला. टक्. परत खेचली, परत ओढला. टक्." तो थांबला. "तिसऱ्यांदा खेचायच्या आधी देवेश खाली पडला होता. मग माझा हातच चालला नाही. तेव्हापासून मी विचार करतोय. मी स्लाइड पुरती खेचलीच नसेल. अर्धी खेचून सोडली असेल. हात थरथरत होते, शांताराम. अर्धी खेचली तर गोळी येत नाही ना?"

"येत नाही."

"मग माझंच."

"थांब."

मी नळी वाळूत खुपसली. मॅगझिन होतं तसंच आत. स्लाइड पुरती, शेवटच्या ठोक्यापर्यंत खेचली आणि सोडली. अशी खेचली, की शिकाऊ माणसालाही चुकली म्हणता येणार नाही. मग चाप ओढला.

टक्.

जगन्नाथ खाली बसला. पंपाच्या ओट्यावरच बसला, आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

"हाच. हाच आवाज."

स्लाइड मागे धरून मी चेंबरमध्ये बघितलं. रिकामं. मॅगझिन काढलं. भरलेल्या मॅगझिनमध्ये सर्वांत वरची गोळी वरच्या दोन कडांना आतून घट्ट टेकलेली असते. खालून स्प्रिंग तिला ढकलत असते. स्लाइड पुढे येताना त्या गोळीच्या बुडाला धक्का देते आणि चेंबरमध्ये नेते. इथे वरची गोळी कडांपासून चांगली काडेपेटीच्या काडीएवढी खाली होती. स्लाइड तिच्या डोक्यावरून नुसती निघून जात होती. गोळीच्या बुडावर एक ओरखडा नव्हता. तिला कुणी शिवलंच नव्हतं.

मी मॅगझिन उलटं करून हातावर आपटलं. एकही गोळी हलली नाही. लाकडी काडीने वरची गोळी उचकटली, तेव्हा ती चिकटपट्टी निघावी तशी आवाज करत निघाली. तिच्याखाली लालसर पिवळा, लाखेसारखा थर होता. खोबरेल तेल पितळेच्या दिव्याला चांगलं, केसांना चांगलं. बंद डबीत वर्षानुवर्षं राहिलं की सुकत सुकत गोंद होतं. त्यात दर वर्षी हळद पडली, कुंकू पडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीच्या मध्ये एक अक्षता होती, अख्खी, तांबडी.

सगळं कसं झालं असेल ते मला तिथे बसल्या जागी दिसलं. दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून तिने ते पाटावर ठेवलं असेल. पदराच्या टोकाने पुसलं असेल. तांब्याची गोळी चमकावी म्हणून अंगठ्याने दाबून पुसली असेल, आणि गंजू नये म्हणून वरून दोन थेंब सोडले असतील. दाबलेल्या गोळ्या खाली गेल्या, तेलाने धरल्या, वर आल्या नाहीत. पुढच्या दसऱ्याला पुन्हा दोन थेंब.

मी काडतुसं एकेक करून तिथल्या एका उपड्या पाटीवर ओळीने ठेवली. जगन्नाथ उठून जवळ आला. त्याने बोट लावून तो थर पाहिला, नाकाशी नेला. खोबरेलाचा खवट वास पंपाच्या खोलीतही कळत होता.

"बिघडलं होतं," मी म्हणालो. "तू पुरतं खेचलं होतंस. दोन्ही वेळा. चल, वहिनींना सांगतो. बेसिललाही सांगतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळेल."

त्याच्या चेहऱ्यावर आधी उजेड आला. मी खोटं लिहीत नाही, खरंच आला. छाती भरून त्याने श्वास घेतला, जणू चाळीस दिवसांत पहिल्यांदा घेत होता. दाराकडे दोन पावलं टाकली. मग तिथेच थांबला.

"काय सांगशील तिला?"

"जे आहे ते. मॅगझिन चिकटलं होतं."

"कशाने, म्हणून विचारेल. ती विचारल्याशिवाय राहील?"

मी रिकामं मॅगझिन खाली ठेवलं.

तो परत आला आणि पाटीसमोर उकिडवा बसला. ती अक्षता त्याने चिमटीत उचलली.

"शांताराम, आठ वर्षांपूर्वी तू इथे साफ करायला आला होतास. तेव्हा मला काय सांगितलं होतंस?"

"खोबरेल लावू नकोस म्हणालो होतो. मॅगझिन भरून ठेवू नकोस म्हणालो होतो. बाटली दिली होती पातळ तेलाची."

"ती बाटली कुठल्या तरी फळीवर असेल. तिला मी सांगितलंच नाही. हत्याराचं बाईमाणसाला काय सांगायचं, असं वाटलं असेल. ती माझ्यासमोर तेल लावायची आणि मी फोटो काढून घ्यायचो." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "मग चूक कोणाची?"

"चूक एक गोष्ट. भिऊन उभा राहणं दुसरी. ते तिला कळायला पाहिजे."

"तिने पंचवीस वर्षं त्याला तेल लावलं ते आम्ही वाचावं म्हणून. तिला हे कळलं तर ती उद्याची सकाळ बघणार नाही. आताच पेज घशाखाली जात नाही तिच्या. तू घरात जाऊन तिला सांगणार, की वहिनी, तुमच्या हाताने?"

"मी तसं म्हणणार नाही."

"कसंही म्हण. ती तेच ऐकेल."

बाहेर केळीच्या पानांवर वारा वाजत होता. शेजारच्या जागेत टँकरचा पंप सुरू होता. होय, सुरू होता. चार माणसं कोठडीत होती आणि पाणी जातच होतं.

"साफ कर," जगन्नाथ म्हणाला. "नव्यासारखं कर. आणि चालतंय म्हणून सांग."

"मला खोटं बोलायला बोलावलंस का?"

"साफ केल्यावर चालेल ना?"

"चालेल."

"मग खोटं कुठे?"

मी त्याला शिव्या दिल्या. चांगल्या दिल्या. पंपाच्या खोलीत शांताराम कसा बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि रॉकेलचा डबा माझ्यासमोर सरकवला.

मी साफ केलं. मॅगझिनचा तळ सरकवून स्प्रिंग काढली, वर ढकलणारी पट्टी काढली, सगळं एका वाटीत रॉकेलमध्ये घातलं. वाटी लाल झाली. ब्रशने कोपरे घासले. दोनदा पाणी बदलावं तसं रॉकेल बदललं. कोरडं पुसलं. स्प्रिंगमध्ये अजून जोर होता, तीच तेवढी इमानदार राहिली होती. लाल रॉकेल जगन्नाथने स्वतः नेऊन वाळूत ओतलं आणि पायाने वर वाळू लोटली.

मॅगझिन जोडत होतो, तेवढ्यात सुमन दारात उभी राहिली. अक्षदाच्या खांद्याला धरून आली होती.

"झालं का? सांगा."

जगन्नाथ माझ्याकडे बघत होता. मी पिस्तुलाकडे बघत म्हणालो, "वहिनी, पिस्तूल चालतं."

"असं नको. दाखवा."

माझ्या पिशवीत दुकानातली पितळेची नकली काडतुसं असतात. दारू नसते त्यांत, नुसतं वजन आणि आकार. तिला ती हातात देऊन दाखवली. आठ भरली. नळी वाळूच्या दिशेला धरली आणि स्लाइड खेचली. पहिलं आत गेलं. खेचली, ते बाहेर उडालं, दुसरं आत गेलं. पितळ वाळूवर पडत राहिलं. आठच्या आठ. कुठे अडलं नाही, कुठे तिरकं झालं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं स्वच्छ काम केलं नसेल, आणि इतकं वाईटही.

शेवटचं पडलं तेव्हा अक्षदाने माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या, लाल डाग राहिलेल्या रिकाम्या वाटीकडे. ती पोरगी हुशार आहे.

सुमन नवऱ्याकडे वळली. तीस दिवसांनी सरळ त्याच्याकडे.

"म्हणजे भ्यायलात."

"हो," जगन्नाथ म्हणाला.

"मग टक्, टक् काय सांगत होता मला? एवढे दिवस?"

"खोटं सांगत होतो."

"माझा देवेश खाली पडल्यावर कुणाकडे बघत होता, ते माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"त्या माणसांकडे नव्हता बघत."

"नाही."

"त्याला वाटलं, बाबा आहेत."

जगन्नाथने मान खाली घातली. मला वाटलं, आता हा बोलणार. आता ह्याच्याने राहवणार नाही. मी तर तोंड उघडलंही होतं. त्याने माझ्याकडे न बघता हात थोडासा वर केला, एखाद्याला पुढे येऊ नको म्हणावं तसा, आणि मी तोंड मिटलं.

"आज रात्रीपासून," ती म्हणाली, "माझ्या खोलीत यायचं नाही. देवाला हात लावायचा नाही. परवा त्याच्या चाळिसाव्याला नैवेद्याच्या पानाला शिवायचं नाही. लोकांसमोर बसा हवं तर. शोभेला."

"बरं."

ती वळली. आता तिने अक्षदाच्या खांद्याला धरलं नव्हतं. वाडीतून घराकडे एकटी चालत गेली, पाठ ताठ, पाय दणकन टाकत, आणि मागच्या दारात पोचल्यावर तिथूनच ओरडली, "अक्षदा, भात टाक गं! शांतारामभाऊ उपाशी जातील काय आपल्या दारातून?"

अक्षदा तशीच उभी होती. "आई..." एवढंच ती पुटपुटली आणि पळत गेली.

मी नाही म्हणण्याच्या जागीच नव्हतो. पिस्तूल जगन्नाथच्या हातात दिलं, तशी माझी रीत आहे. त्याने ते पुन्हा रुमालात गुंडाळलं. सोमवारी पोलीस ठाण्यात जमा करून परवाना रद्द करायचा अर्ज देणार म्हणाला, आणि मला बरोबर येशील का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.

स्वयंपाकघरात दोन पानं मांडली होती. एक माझं, एक तिचं. तिने भाताचा ढीग घेतला, वर डाळ ओतली, आणि खाली मान घालून जेवायला लागली. भुकेल्या माणसासारखी. घास मोठे, हात भराभर. मधेच माझ्या पानात भात वाढला, मी नको म्हणालो तरी वाढला. "खा. तुमची काही चूक नाही. तुम्ही खरं ते सांगितलंत." अक्षदा भिंतीकडे तोंड करून पापड भाजत होती. तिची पाठ हलत होती.

तो भात मी पाण्याबरोबर ढकलला.

जगन्नाथ मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता, पायात चप्पल तशीच. आत आला नाही. त्याला कुणी ये म्हटलंही नाही. तो तिच्या पानाकडे बघत होता. तिने दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्याच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू म्हणवत नाही मला त्याला.

"शांताराम," तो हळूच म्हणाला, "जेवतेय रे ती."

सुमनने वर पाहिलं नाही. घास कालवता कालवताच सांगितलं.

"अक्षदा, ते दार लावून घे. माशा येतात."

अक्षदाने चिमटा खाली ठेवला. दाराशी गेली. सासऱ्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. त्याने मान हलवली, लाव, अशी. मग तिने दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातली.